जमीन एकटी पिकत नाही

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)





समितीने आम्हाला "गावची शेती आणि आपण" हा विषय दिला. विषय कळल्यावर वस्तीतल्या काही जणांनी विचारले, "विहारात धम्माचं बोलावं, शेतीचं काय बोलायचं?" प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर आम्ही धम्मातूनच देतो. दीघ निकायात कूटदंत सुत्त आहे. त्यात महाविजित नावाच्या राजाची गोष्ट भगवंतांनी सांगितली आहे. राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. राज्यात मात्र चोऱ्या, लूटमार माजलेली असते. त्याचा पुरोहित त्याला सांगतो की, कर वाढवून किंवा चोरांना फाशी देऊन हे थांबायचे नाही. जो शेती करतो त्याला बी-बियाणे द्या. जो व्यापार करतो त्याला भांडवल द्या. जो चाकरी करतो त्याला पोटापुरते वेतन द्या. राजाने तसे केले. लोक आपापल्या कामाला लागले आणि घरांची दारे उघडी ठेवून राहू लागले. आता सांगा, बी, भांडवल आणि वेतन ही काय अध्यात्माची गोष्ट आहे? हा सरळ पोटाचा हिशेब आहे आणि तो त्रिपिटकात आहे. म्हणून विहारात शेतीचे बोलणे गैर नाही.

आम्ही काही अर्थशास्त्राचे प्राध्यापक नाही. आम्ही सूतगिरणीतले कामगार. पाळी संपल्यावर जे वाचले, वस्तीत आणि गावाकडे जे पाहिले, त्याच्या आधारावर बोलणार आहोत. बाबासाहेबांचे लिखाण शासनाने खंडांच्या रूपाने प्रसिद्ध केले. त्यातला पहिला खंड १९७९ साली निघाला. आजचे आमचे बहुतेक बोलणे त्या खंडातून आलेले आहे. ज्याला शंका असेल त्याने तो खंड काढून बघावा.

उत्पादनाची चार साधने

अर्थशास्त्राच्या पुस्तकात उत्पादनाचे चार घटक सांगतात. भूमी, श्रम, भांडवल आणि संघटन. भूमीत जमीन आली, पाणी आले, डोंगर-रान आले. श्रमात माणसाच्या हाताचे आणि डोक्याचे काम आले. भांडवल म्हणजे नुसता पैसा नव्हे. बैल, नांगर, विहीर, मोटार, बी, खत हे सगळे भांडवलच. आणि या तिन्हींना एकत्र आणून काय पेरायचे, कधी पेरायचे, कुठे विकायचे हे जो ठरवतो, नफा-तोटा अंगावर घेतो, ते संघटन. या चौघांना चार वाटे मिळतात. जमिनीला खंड, श्रमाला मजुरी, भांडवलाला व्याज आणि संघटनाला नफा.

आता आपल्या गावाकडे नजर टाका. जमीन कोणाकडे होती? पाटील, देशमुख, इनामदार, कोकणात खोत. भांडवल कोणाकडे? त्यांच्याकडे आणि सावकाराकडे. काय पिकवायचे, कुठे विकायचे हे ठरवणारे कोण? तेच. म्हणजे खंड, व्याज आणि नफा हे तीन वाटे एका वाड्यात जात होते. आपल्या वाट्याला चारांपैकी एकच साधन आले, ते म्हणजे श्रम. त्याची किंमतही आपण ठरवत नव्हतो. ज्याच्याकडे बाकीची तीन साधने, तोच चौथ्याचाही भाव ठरवणार. सुगीला खळ्यावर जे पसाभर टाकतील ते बलुते घ्यायचे आणि मान खाली घालून परत यायचे. याला कोणी धर्म म्हणाले, कोणी रीत म्हणाले, कोणी पूर्वजन्मीचे पाप म्हणाले. अर्थशास्त्राच्या भाषेत ती साधनांची वाटणी होती.

वतन नावाचा फास

काही जण म्हणतील, "आपल्याकडेही जमीन होती की, वतनाची!" होती. पण ती कशी होती हे नव्या पिढीने समजून घेतले पाहिजे. वतनाची जमीन थोडी, त्यावर हक्क सांगणारी घरे पुष्कळ. पिढी वाढली की वाटा बारीक व्हायचा. त्या तुकड्याच्या मोबदल्यात काम मात्र चोवीस तासांचे. सरकारचा टपाल-सांगावा पोचवा, पाटलाच्या मागे जा, सरकारी साहेब आला तर धावा. एक जण आजारी असेल तर त्याच्या घरातला दुसरा जाईल. म्हणजे जमीन नावाला आपली, आणि त्या जमिनीच्या दावणीला आपला श्रम बांधलेला. आपल्या शेतात पेरणीची वेळ आली तरी बोलावणे आले की जावे लागे. जमीन आहे, पण ती कसायला आपला वेळ आपल्या हातात नाही, अशी ती जमीन.

बाबासाहेबांनी हे बरोबर ओळखले. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे बिल आणले. वतनदाराची कामे ठरवून द्या, बलुत्याऐवजी रोख मोबदला द्या, आणि ज्याला वतन सोडायचे असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन स्वतःची करून घेऊ द्या, असा त्याचा रोख होता. ते बिल पास झाले नाही. त्याआधी १९१८ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात महार वतने रद्द करून जमिनी वतनदारांच्या नावे रयताव्याने करून दिल्या होत्या. मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. तेव्हा बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन गेले होते.

१९५८ च्या कायद्याने जमीन परत मिळाली, ती नवीन अविभाज्य शर्तीवर. आजही गावाकडच्या सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" असे जे लिहिलेले असते, त्यात या जमिनी येतात. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. तरी पुष्कळ ठिकाणी जमिनी गेल्या. कुठे साध्या कागदावर, कुठे हातउसन्या पैशांपोटी, कुठे "तुम्ही शहरात राहता, आम्ही कसतो, निम्मे धान्य देऊ" म्हणून. धान्य दोन वर्षे आले, मग बंद झाले. इथे बसलेल्या किती घरांची ही कथा आहे, ती आपापल्या मनाला विचारा.

कुळ कायद्याचेही तसेच. १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यामुळे पश्चिम महाराष्ट्रात कसणारे कूळ मालक झाले. ती मोठी गोष्ट झाली, हे आम्ही नाकारत नाही. पण त्यासाठी कागदावर कूळ असावे लागत होते. आपला माणूस कूळ कुठे होता? तो सालगडी होता, रोजंदार होता. पाडव्याला साल धरायचे, उचल घ्यायची, दुसऱ्या पाडव्यापर्यंत राबायचे. त्याच जमिनीत त्याने जन्म घालवला तरी कुळाच्या रकान्यात त्याचे नाव लागले नाही. कोकणातल्या खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १९३७ साली बिल आणले, जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा नेला, तेव्हा त्यांच्याबरोबर कुणबी शेतकरीही होता. बाबासाहेब फक्त एका जातीच्या शेतकऱ्याचे बोलत नव्हते, हे इथे लक्षात ठेवावे.

बाबासाहेबांनी १९१८ साली काय सांगितले

आता आमच्या मुख्य मुद्द्यावर येतो. १९१८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बाबासाहेबांनी भारतातल्या लहान शेतजमिनी आणि त्यावरचे उपाय या विषयावर एक इंग्रजी निबंध लिहिला. त्या काळी मोठमोठे तज्ज्ञ म्हणत होते की, हिंदुस्थानचा शेतकरी गरीब आहे कारण त्याचे शेत लहान आणि तुकड्या-तुकड्यांत आहे. तुकडे एकत्र करा, शेत मोठे करा, की झाले. किती मोठे? तर एका कुटुंबाचे पोट भरेल एवढे.

बाबासाहेबांनी या विचाराचे मूळच पकडले. ते म्हणतात, पोट हे शेताचे माप होऊ शकत नाही. शेत हा उत्पादनाचा धंदा आहे. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्या एकरांवर लावायला बाकीची साधने किती आहेत यावर ठरते. साधने भरपूर असतील तर थोडी जमीनही पुरते. साधने नसतील तर थोडी जमीनही जास्त होते. त्यांनी देशातले नांगर आणि बैल यांचे आकडे काढले आणि दाखवले की, आहे तेवढी जमीन कसायलाही ते पुरत नाहीत. म्हणजे त्या हिशेबाने शेत लहान नव्हतेच, अवजारांच्या मानाने ते मोठे होते!

गिरणीतल्या माणसाला हे लगेच कळते. गिरणीत नुसत्या जागेवर सूत निघत नाही. साचे पाहिजेत, कापसाच्या गाठी वेळेवर पाहिजेत, वीज पाहिजे, माणसे पाहिजेत. एका कामगाराने किती चात्या सांभाळायच्या याचे माप असते. शेड कितीही मोठी बांधा, कापूस आला नाही तर सगळे साचे उभे. शेताचेही तसेच.

समजा, आपल्या एका घराला गावाकडे दोन एकर जिरायत आहे. ज्वारीचे रान आहे. एक बैलजोडी साधारण आठ-दहा एकर ओढते. दोन एकरांवर जोडी पाळली तर बैल शेतापेक्षा जास्त खातात. म्हणून बैल नाहीत. मग ट्रॅक्टर भाड्याने. सप्टेंबरअखेरीस परतीचा पाऊस पडतो, रानाला वाफसा येतो. पेरणीची हीच वेळ. पण ट्रॅक्टरवाला आधी स्वतःचे रान पेरणार, मग भावकीचे, मग रोख पैसे देणाऱ्याचे, आणि शेवटी आपले. वाफसा काही आपल्यासाठी थांबत नाही. वरची ओल गेली, बी अर्धे उगवले. शेजारच्या रानात कणसे डोलतात आणि आपल्या रानात ताटे विरळ. गाव म्हणते, "यांना शेती जमत नाही." अहो, जमत नाही असे नाही! जमीन तीच, पाऊस तोच. आपल्याकडे वेळेवर औत नव्हते. चारांपैकी एक साधन आठ दिवस उशिरा आले, एवढाच फरक.

आता थोडे आकडे. सरकारच्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे साडेदहा एकरांची सव्वातीन एकर झाली. देशाची सरासरी १.०८ हेक्टर, आणि देशातल्या अनुसूचित जातींच्या खातेदारांची ०.७८ हेक्टर, दोन एकरांच्या आत. ही गोष्ट ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांची. ज्यांच्या नावावर काहीच नाही ते या गणनेत येतच नाहीत.

म्हणजे तुकडे पडतच आहेत. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, पण त्याने वाटण्या थांबल्या नाहीत. का थांबतील? खाणारी तोंडे वाढली आणि दुसरीकडे काम नाही, तर माणूस जमिनीलाच चिकटणार. बाबासाहेबांनी हेही त्याच निबंधात सांगितले आहे. शेतीवर जादा माणसे बसून आहेत, त्यांना खरे काम नाही, पण ती जेवतात. हा रिकामा श्रम दुसऱ्या धंद्यात गेला पाहिजे. म्हणून त्यांनी उपाय सांगितला तो औद्योगिकीकरणाचा. शेतीचे दुखणे शेतीबाहेरच्या औषधाने बरे होईल, असे त्यांचे म्हणणे. पुढे १९२७ साली लहान शेतकऱ्यांचे बिल मुंबई विधिमंडळात आले, तेव्हा १० ऑक्टोबरच्या भाषणात त्यांनी त्याला विरोध केला आणि दुसरा मार्ग सांगितला. ज्याची जमीन त्याच्या नावावर राहू द्या, पण कसणे सहकाराने करा. हा मुद्दा मनात ठेवा, शेवटी तोच कामाला येणार आहे.

रिकामे हात आणि अडलेले हात

श्रमाविषयी दोन शब्द. १९५१ च्या जनगणनेत देशात शेतकरी सुमारे ७ कोटी आणि शेतमजूर पावणेतीन कोटी होते. २०११ च्या जनगणनेत शेतकरी ११.८८ कोटी आणि शेतमजूर १४.४३ कोटी झाले. शेतकऱ्यांपेक्षा शेतमजूर जास्त! म्हणजे ज्यांच्याकडे फक्त चौथा हिस्सा साधन आहे, फक्त श्रम आहे, अशांची संख्या वाढत गेली.

श्रमाची एक खोड आहे. धान्य कणगीत ठेवता येते, पैसा पेटीत ठेवता येतो, श्रम ठेवता येत नाही. आजचा रोज आज गेला तर गेला. म्हणून ज्याच्याकडे दुसरे काही नाही त्याला आजच्या आज, मिळेल त्या भावात श्रम विकावा लागतो. ऊसतोडीला जाणारा नवरा-बायकोचा कोयता दिवाळीच्या आधीच मुकादमाची उचल घेतो. उचल घेतली की भाव बोलायचे तोंड राहत नाही. सालगड्याची उचल आणि कोयत्याची उचल यांत फरक एवढाच की सालगडी गावातच अडायचा आणि कोयता दुसऱ्या जिल्ह्यात अडतो.

पण ज्याच्या घरात वर्षाची ज्वारी आहे, मग ती दोन एकरांतली का असेना, तो माणूस चार दिवस थांबू शकतो. "एवढ्या रोजाने येत नाही" असे म्हणू शकतो. तुकडाभर जमिनीचे खरे मोल हे आहे. ती आपल्याला श्रीमंत करत नाही, पण आपल्या श्रमाला नाही म्हणण्याची ताकद देते. मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. ज्यांचे गावाकडे काही होते त्यांना टेकायला जागा होती. ज्यांचे काही नव्हते त्यांचे हाल कुत्र्याने खाल्ले नाहीत.

गायरानाचा प्रश्न

हे ओळखूनच बाबासाहेबांनी शेवटच्या वर्षांत भूमिहीनांचा प्रश्न हाती घ्यायला सांगितले आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी तो घेतला. १९५९ चा आणि १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह ही आपल्या चळवळीची मोठी पाने आहेत. लेकरे कडेवर घेऊन आया-बाया तुरुंगात गेल्या. मागणी साधी होती : पडीक जमीन आणि गायरान भूमिहीनांना द्या.

त्या लढ्याचे फळ म्हणून शासनाने पुढे अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय काढले. त्यातला २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय महत्त्वाचा. १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरची शेतीसाठीची अतिक्रमणे त्यात धरली आहेत. पुढे २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा निकाल दिला आणि त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्र शासनानेही निर्णय काढला. तेव्हापासून गावागावांत आपल्या लोकांना नोटिसा दाखवून भीती घालतात. पण त्याच निकालात, शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद लिहिलेला आहे. हा अपवाद गावचा पुढारी सांगत नाही, तो आपण वाचला पाहिजे. पुरावा काय लागतो? तलाठ्याकडच्या गाव नमुना एक-ई या अतिक्रमणाच्या नोंदवहीतली नोंद, पीकपाहणी, दंड भरल्याच्या पावत्या. आजोबांनी दंड भरला म्हणून ती लाजेची गोष्ट नाही. ती पावती म्हणजे आपला पुरावा आहे. पत्र्याच्या पेटीत असेल तर उद्याच काढा.

भांडवल : सिगालाला दिलेला उपदेश

भांडवलाचे नाव काढले की आपली माणसे म्हणतात, "आपल्याकडे कुठलं?" भगवंतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला जो उपदेश केला त्यात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग स्वतःच्या उपभोगाला, दोन भाग कामधंद्यात घालायला आणि चौथा अडचणीसाठी राखून ठेवायला. म्हणजे निम्मी मिळकत धंद्यात! आपण काय करतो? लग्नात मांडव मोठा पाहिजे, डीजे पाहिजे, आणि त्यासाठी शेकडा पाच रुपये महिन्याने पैसे काढतो. शेकडा पाच महिन्याचे म्हणजे वर्षाचे साठ टक्के. कुठले शेत साठ टक्के नफा देते? असे व्याज भरणाऱ्या घरातून एक दिवस जमीन जाणारच.

याउलट बँकेचे पीक कर्ज कितीतरी स्वस्त. पण त्यासाठी सातबाऱ्यावर नाव लागते. आणि इथेच आपले घोडे अडते. सातबाऱ्यावर अजून आजोबांचे नाव, खाली चार चुलत्यांची नावे, त्यातले दोन वारलेले. बँक कोणाला कर्ज देणार? विहिरीची योजना कोणाला मिळणार? अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठी बाबासाहेबांच्या नावाने कृषी स्वावलंबन योजना आहे. भूमिहीनांसाठी दादासाहेबांच्या नावाची सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ साली सुरू झाली, तिच्यात ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. शासनाचा भाव आणि बाजारभाव यांत अंतर पडते म्हणून विकणारा मिळत नाही, ही त्या योजनेची अडचण खरी. तरी अर्जच नसेल तर भांडायचे कशाच्या जोरावर?

"गाव सोडा" आणि "जमीन धरा"

आता एक तरुण मित्र आम्हाला विचारील की, बाबासाहेबांनीच खेडे सोडायला सांगितले, शहरात जा म्हणाले, मग तुम्ही पुन्हा गावाकडे का ओढता? हा प्रश्न चांगला आहे आणि त्याला बगल देता येणार नाही.

बाबासाहेबांना खेड्याचे प्रेम अजिबात नव्हते. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली ती उगाच नाही. पण त्याच बाबासाहेबांनी १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात लिहिले की, शेती हा राज्याचा उद्योग करावा, जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिकरीत्या कसायला द्यावी, आणि पाणी, जनावरे, अवजारे, खत, बी हे सगळे राज्याने पुरवावे. बघा, नुसती जमीन द्या असे त्यांनी लिहिले नाही. १९१८ सालचीच गोष्ट ते १९४७ साली सांगत होते : जमीन द्याल तर तिच्याबरोबर बाकीची साधनेही द्या.

म्हणजे या दोन गोष्टी एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. जितकी माणसे शिकून गावाबाहेर चांगल्या कामाला लागतील, तितका गावात राहिलेल्याच्या श्रमाचा भाव वाढेल. आणि जितकी गावातली जमीन आपल्या नावावर टिकेल, तितका शहरात आलेल्याच्या पाठीशी आधार राहील. मुलांनी शिकावे, नोकरी करावी, धंदा करावा. जन्मभर दोन एकरांत लोळत बसा असे आम्ही म्हणत नाही. पण शहरात आलो म्हणून वाडवडिलांनी फासातून सोडवून घेतलेली जमीन मातीमोल भावाने देऊन टाकू नका.

आपण काय करायचे

चौथे साधन संघटन. तिन्ही साधने कमी असली तरी हे एक साधन आपल्याकडे आहे, कारण ते बाबासाहेबांनीच दिले आहे. म्हणून या वर्धापनदिनी विहार समितीपुढे आणि आपणा सर्वांपुढे आम्ही पाच कामे ठेवतो.

पहिले, प्रत्येक घराने गावाकडचा आपला सातबारा आणि आठ-अ काढावा. आता तो ऑनलाइन मिळतो, आपलीच मुले मोबाईलवर काढून देतील. वारसनोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे अर्ज द्यावा.

दुसरे, वारसनोंदीत बहिणींची आणि मुलींची नावे लावा. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशात २००५ पासून मुलीला मुलाइतका हक्क आहे. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांचा फोटो घरात लावायचा आणि बहिणीकडून हक्कसोडपत्र घ्यायचे, हे शोभत नाही.

तिसरे, साध्या कागदावर वाट्याने किंवा गहाण जमीन देऊ नका. वर्ग २ च्या जमिनीचा व्यवहार कोणी तोंडी सांगत असेल तर आधी विहारात येऊन चार माणसांना विचारा.

चौथे, एका गावच्या भावकीने एकत्र बसा. दोन-दोन एकरांची पाच घरे म्हणजे दहा एकर. दहा एकरांना एक औत परवडते, एक विहीर परवडते, आणि वाफसा आला की ट्रॅक्टरवाला आपल्याकडे आधी येतो. नावे ज्याची त्याच्याकडे, बांध जिथल्या तिथे, फक्त कसणे एकत्र. १९२७ साली बाबासाहेबांनी जो मार्ग सांगितला तो हाच. शहरातल्यांनी बी-खताचे पैसे घालावेत, गावातल्यांनी श्रम घालावेत, आणि हिशेब वहीत लिहावा. वही नसली की भाऊबंदकी होते.

पाचवे, महिला बचत गटांनी लग्नासाठी कर्ज देण्याआधी बियाण्यासाठी आणि शिक्षणासाठी कर्ज द्यावे असा नियम करावा. भगिनींनी मनावर घेतले तर हे एका वर्षात होईल, आम्ही पुरुष मंडळी दहा वर्षे ठरावच करत राहू!

या पाच कामांसाठी महिन्यातून एक रविवार, वंदना झाल्यानंतर, विहारात कागदपत्रे घेऊन बसण्याचा ठराव समितीने करावा, अशी आमची विनंती आहे. शिकलेल्या मुलांनी अर्ज लिहून द्यावेत. म्हाताऱ्या माणसांनी गट नंबर, बांध, जुनी नावे आठवून सांगावीत. हे आठवणारी माणसे आता थोडी राहिली आहेत. ती गेली की कुठला बांध कोणाचा हे सांगणारे कोणी राहणार नाही, आणि कागद दुसऱ्याच्या बाजूने बोलेल.



सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जयभीम! जय भारत!